चंद्रेचं पेव

पहिला दिवस : मनाली ते सिस्सू

मनालीतून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. दादा पुढच्या सीटवर बसला होता आणि बोलत नव्हता. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस नदीकाठानं जाताना पाण्यापेक्षा काठांकडे जास्त बघतो. ब्यासच्या काठावर एका घराखालची माती निघून गेली होती, पायाचे दगड उघडे पडले होते. 2023 च्या जुलैत, नऊ-दहा तारखेला, या नदीनं केलेल्या नासधुशीच्या खुणा वर्ष होत आलं तरी बुजलेल्या नव्हत्या. "एवढ्या वर आलं होतं पाणी," तो एवढंच म्हणाला आणि हातानं एक रेष दाखवली. ती रस्त्याच्याही वर होती.

मी तीस वर्षं साताऱ्यात भूगोल शिकवला. हिमालयातल्या नद्या बारमाही असतात, कारण त्यांना बर्फाचं पाणी मिळतं. दख्खनच्या नद्या पावसावर अवलंबून असतात. दर वर्षी हे वाक्य फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं, परीक्षेत त्याला दोन गुण मिळाले. ते खोटं नाही. पण आमचं मूळ गाव माण तालुक्यातलं, आमची नदी माणगंगा, वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू. त्यामुळे 'बारमाही' हा शब्द लिहिताना दर वेळी वाटायचं की हे बारा महिने कोण पुरवतं, कसं पुरवतं, आणि ज्या वर्षी पुरवठा कमी पडतो त्या वर्षी काय होतं, ते एकदा जाऊन बघावं. दादा निवृत्त झाला, मागोमाग मीही झाले. 2024 च्या जुलैच्या सुरुवातीला निघालो.

अटल बोगदा 9 किलोमीटरचा, 2020 च्या ऑक्टोबरात सुरू झालेला. आत शिरताना दोन्ही बाजूंना देवदार होते आणि काचेवर पावसाचे थेंब. बाहेर पडलो तर आकाश निळंभोर, डोंगर उघडे, खाली वेळू-वेळूएवढी सफेदाची झाडं आणि त्यांच्यामधून वाहणारी राखाडी चंद्रा नदी. पाऊस पीर पंजालच्या रांगेपाशीच अडतो, इकडे त्याचं चुकार उरलंसुरलं येतं. लाहौलला, म्हणजे बोगद्यापलीकडच्या या मुलखाला, खरं पाणी मिळतं ते हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांमधून, आणि तेही हिमाच्या रूपात. म्हणजे जे पडतं ते वाहत नाही, पडून राहतं. पाऊस आणि नदी यांच्यात असा पाच-सहा महिन्यांचा अवकाश असतो हे आमच्यासारख्या पावसावर चालणाऱ्या मुलखातल्या माणसांना मनात बसवायला वेळ लागतो.

सिस्सूला एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो. घरमालक सत्तरीचे, त्यांना सगळे चाचाजी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. घरामागे फुलकोबी आणि मटारची वाफेवाफे शेती, वरच्या कडेनं कूहल वाहत होती. कूहल म्हणजे आपला पाटच, डोंगरातल्या नाल्यातून वळवून आणलेला. दादानं बूट काढून त्यात पाय घातला आणि लगेच बाहेर काढला.

संध्याकाळी चहाबरोबर मी विचारलं, यंदा बर्फ कसा होता? चाचाजी म्हणाले, जानेवारीत अंगण कोरडं होतं. त्यांच्या आठवणीत असा जानेवारी नव्हता. बर्फ आला तो फेब्रुवारी सरताना, मार्चमध्ये. "देर का बर्फ कच्चा होता है," ते म्हणाले. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात पडलेलं हिम थरावर थर दबून घट्ट बसतं आणि जूनपर्यंत पुरतं. मार्चमधलं ओलसर असतं आणि उन्हं चढली की लगेच निघून जातं. मे महिन्यात, पेरलेल्या मटाराला पहिलं पाणी हवं असताना, कूहल बारीक झाली होती. मग म्हणाले की आता जुलैत मात्र नाला भरून वाहतोय, नेहमीपेक्षा जास्तच.

मी चमकले. हिम कमी पडलं तर नाल्याला पाणी जास्त कसं? दादानं वहीत ते लिहून घेतलं. उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

गावाच्या वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या उंचीवर, गेपांग हिमनदी आहे. लाहौलच्या दैवताच्या, राजा घेपनच्या नावाची. तिच्या तोंडाशी एक सरोवर साठलंय. इस्रोनं उपग्रहचित्रांवरून काढलेले आकडे त्याच वर्षी जाहीर केले होते. 1989 मध्ये 36 हेक्टर, 2022 मध्ये 101. चाचाजींना हेक्टरचा आकडा तोंडपाठ होता. ज्याच्या डोक्यावर तळं वाढतंय त्याला तो पाठ असणारच.

दुसरा दिवस : तांदीचा संगम

उंचीची सवय व्हावी म्हणून दुसरा दिवस जवळच घालवायचा होता. तांदीला गेलो. इथं चंद्रा आणि भागा एकत्र येतात आणि पुढे त्यांना चंद्रभागा म्हणतात. तीच किश्तवाडकडून जम्मूत उतरते, चिनाब होते, पाकिस्तानात जाते. वेदातली असिक्नी म्हणजे हीच. दोन्ही नद्या बारालाचा खिंडीच्या दोन अंगांना उगम पावतात. चंद्रा भलामोठा वळसा घेऊन येते, भागा आखूड वाटेनं. इथले लोक सांगतात की चंद्रा ही चंद्राची मुलगी आणि भागा हा सूर्याचा मुलगा. लग्नाआधी त्यांनी पर्वताला दोन बाजूंनी फेरी घालायचं ठरवलं आणि तांदीला भेटायचं.

'चंद्रभागा' हा शब्द एका पाटीवर देवनागरीत वाचला आणि दोघंही थांबलो. त्या आठवड्यात माऊलींची पालखी पुण्याहून निघून पंढरीच्या वाटेवर होती. आमची माणगंगा ज्या वर्षी वाहते त्या वर्षी पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेलाच मिळते, म्हणजे आमच्या गावावर पडलेला थेंबही चंद्रभागेचाच. पण त्या चंद्रभागेचं पाणी वर उजनी धरणातून किती सोडतात यावर ठरतं, आणि उजनी ठरते सह्याद्रीतल्या पावसावर. इथं काठाशी बसून दादानं दोन्ही प्रवाह किती तरी वेळ पाहिले. एक नदी जास्त राखाडी, एक जरा हिरवट. पाण्याचा रंग म्हणजे दगडाचं पीठ. हिमनदी सरकताना खालचा खडक दळत जाते आणि ते पीठ पाण्याबरोबर येतं. ज्या नाल्याचं पाणी काचेसारखं, तो झऱ्याचा किंवा हिमाचा. ज्याचं राखेसारखं, त्याच्या वर कुठंतरी हिमनदी आहे. ही खूण पुढे सगळीकडे उपयोगी पडली.

नव्वदच्या दशकात झालेला एक अभ्यास मी शाळेत असताना टिपून ठेवला होता. जम्मूजवळच्या अखनूरपर्यंत चिनाबमधून वर्षभरात जे पाणी जातं त्यातलं सुमारे 49 टक्के हिम आणि हिमनद्या वितळून आलेलं असतं. भाक्राच्या सतलजमध्ये हा वाटा 59 टक्के, देवप्रयागच्या गंगेत 29. तिघींनाही पुस्तकात 'बारमाही' हा एकच शब्द. खोऱ्याच्या खालच्या भागात जेवढा मोसमी पाऊस जास्त, तेवढा वरच्या बर्फाचा वाटा कमी, एवढं सोपं आहे ते. पण मुलांना ते कधी सांगितलं नाही याची तांदीला बसून हळहळ वाटली.

तिसरा दिवस : छतडूमार्गे बातल

सिस्सूहून कोक्सर, ग्राम्फू आणि तिथून स्पिती खोऱ्यातल्या काझाच्या रस्त्याला लागायचं. रस्ता म्हणजे गोटे. आमचा ड्रायव्हर केलाँगचा, तिशीचा, दादाला अंकलजी आणि मला आंटीजी म्हणायचा. त्यानं पहाटे पाचलाच दार वाजवलं. एवढी घाई कशाला, असं मी विचारल्यावर म्हणाला, "आंटीजी, सुबह का नाला और शाम का नाला एक नहीं होता."

छतडूला पूल ओलांडून उत्तर काठावर आलो. तिथून बातलपर्यंत डोंगरातून उतरणारे नाले रस्त्यावरूनच वाहतात, पूल नाही, मोरी नाही. पहिला ओलांडला तेव्हा साडेआठ वाजले होते, पाणी चाकांच्या अर्ध्यापर्यंतही नव्हतं. दुसऱ्यापाशी एक टेम्पो उभा होता, आदल्या संध्याकाळी अडकून रात्र तिथंच काढलेला. त्यातली माणसं आता आरामात पाण्यातून चालत पलीकडे जात होती, जिथं काल दुपारी चारला दोरी धरूनही कोणी उतरलं नव्हतं.

रात्री डोंगरावर सगळं गोठतं. उन्हं चढली की वितळायला लागतं. पण एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात एक किलो गार पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापेल. म्हणून ऊन पडल्या पडल्या पाणी येत नाही. आधी थर नरम होतात, मग पाणी झिरपत, बोगद्यांतून वाट काढत हिमनदीच्या तोंडाशी पोचतं. दुपारी दोनचं ऊन नाल्यात चार-पाचला दिसतं, आणि खाली नदीत तर त्याहूनही उशिरा. ड्रायव्हरच्या आजोबांना हे घोड्यांच्या काळापासून ठाऊक होतं.

वाटेत चंद्रेच्या पलीकडच्या काठावर छोटा शिग्रीचं तोंड दिसलं. नऊ किलोमीटर लांब, पंधरा चौरस किलोमीटरच्या आसपास, तशी लहानच हिमनदी. पण हिमालयातल्या ज्या मोजक्या हिमनद्यांचा दर वर्षीचा हिशेब सलग ठेवला गेलाय त्यांत हिचं नाव पहिलं. 2002 पासून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे लोक आणि त्यांचे फ्रेंच सहकारी तो ठेवत आलेत. वर्षाला सरासरी अर्धा मीटर जाडीच्या पाण्याइतकी ती घटते आहे. काही वर्षी भरही पडते, पण तुटीची वर्षं जास्त.

त्यापुढे बडा शिग्री, हिमाचलातली सर्वांत लांब. ती दाखवली तेव्हा मला हिमनदी दिसलीच नाही. दगडमातीचा ढिगारा दिसला. बर्फ त्याखाली आहे. लहानपणी माणच्या बाजारात बर्फाची लादी लाकडाच्या भुशात घालून आणायचे, ती संध्याकाळपर्यंत टिकायची. इथं तेच काम दगड करतात. मात्र थर जाड हवा. पातळ धूळ बसली तर उलटंच होतं, काळा रंग ऊन शोषतो आणि वितळणं वाढतं.

चौथा दिवस : बातल, निरभ्र

बातल चार हजार मीटरच्या जवळपास. दोन-तीन ढाबे, एक पूल आणि वारा. माझं डोकं दुखत होतं, म्हणून इथं दोन दिवस थांबायचं ठरलं. दादाला तर हवंच होतं. ढाब्यापासून दहा मिनिटांवर एक राखाडी पाण्याचा नाला चंद्रेला मिळतो. त्यानं एक सरळ काठी दोन दगडांमध्ये घट्ट बसवली आणि पहाटे सहाला पाणी जिथं टेकलं होतं तिथं कोळशानं रेघ मारली. पट्टी आणली नव्हती, म्हणून बोटांनी मोजायचं ठरलं.

सहा वाजता : रेघ. नऊ वाजता : रेघेच्याही अर्धं बोट खाली. मला नवल वाटलं. तीन तास ऊन पडूनही पाणी घटलं होतं. दादा म्हणाला, "कालचं अजून संपतंय, आजचं निघालेलं नाही." बारा वाजता दोन बोटं वर. दोनला चार. चारला एक वीत. साडेपाचला वीत आणि वर दोन बोटं, आणि पाण्याचा आवाज इतका वाढला की शेजारी उभं राहून ओरडावं लागत होतं. तळाचे गोटे गडगडत जात होते, तो आवाज पायांना कळत होता. सकाळी मी ज्या दगडावर बसून तोंड धुतलं होतं तो दगड दिसेनासा झाला. रात्री आठला उतरायला लागलं. आम्ही बॅटरी घेऊन गेलो, तीन बोटं कमी.

दादा खूश होता. कोयनेच्या एका उपनदीवर तो पट्टी वाचायचा तेव्हा सकाळी आठची नोंद म्हणजे दिवसाची नोंद. पावसाळ्यात पूर आला तरच तासातासाला. "इथं सकाळी आठला एकदा वाचून खाली आलो असतो तर जन्मभर चुकीचा आकडा लिहिला असता," तो म्हणाला.

संध्याकाळी ढाब्यात दोन तरुण मुलं आणि एक मुलगी चहा पीत होती. बाहेर त्यांच्या सामानाला बांबूंची मोळी बांधलेली. हिमनद्यांवर काम करणारी. आमचं मराठी ऐकून मुलगी वळली. ती फोंड्याची निघाली. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, त्याच केंद्रानं 2016 मध्ये इथं सुत्री ढाका हिमनदीपाशी 'हिमांश' नावाचं ठाणं उभारलं. समुद्राच्या काठावरची संस्था आणि तिचं ठाणं तेरा हजार फुटांच्या वर. चंद्रेच्या खोऱ्यातल्या सहा हिमनद्यांवर त्यांची नजर असते : सुत्री ढाका, बातल, बडा शिग्री, समुद्र टापू, गेपांग आणि कुंझुम.

मी तिला बांबूंबद्दल विचारलं. "मावशी, वाफेच्या यंत्रानं बर्फात खोल भोक पाडतो आणि बांबू आत सोडतो," ती म्हणाली. "उन्हाळा संपताना येऊन बघायचं, किती बांबू उघडा पडला. जेवढा उघडा, तेवढा बर्फ गेला." दादानं मान हलवली. त्याची मोजपट्टी ती हीच, फक्त पाणी चढतं तिथं हिच्या पट्टीवर बर्फ उतरतो.

पाचवा दिवस : बातल, ढगाळ

रात्री ढग आले. सकाळी डोंगर अर्धेच दिसत होते. दादा तरीही सहाला काठीपाशी हजर. चार वाजता, काल जिथं वीतभर चढलं होतं तिथं, आज जेमतेम पाच बोटं. एक दिवस आभाळ झाकलं तर नाला निम्म्यावर आला. पावसाचे चार थेंब पडले, पण त्यांनी काही भर पडली नाही.

याच दिवशी मला सिस्सूच्या कोड्याचं उत्तर मिळालं. मुलगी आणि तिचे सोबती हवामान बिघडल्यामुळे वर गेले नव्हते. चाचाजींनी सांगितलेलं मी तिला सांगितलं. तिनं चहाच्या पेल्याशेजारी एक पांढरा रुमाल ठेवला आणि त्यावर रस्त्यावरची मूठभर माती टाकली. ताजं हिम दहातली आठ-नऊ किरणं परत पाठवतं. हिमनदीचा जुना, मळका बर्फ तीन-चारच परत पाठवतो, बाकीची पोटात घेतो. ज्या हिवाळ्यात हिम भरपूर पडतं त्या वर्षी हिमनदीवर पांढरी दुलई जुलैपर्यंत राहते, खालच्या बर्फाला ऊन लागत नाही. मे-जूनमध्ये हिमाचं पाणी भरपूर, जुलै-ऑगस्टमध्ये हिमनदीचं बेताचं. ज्या हिवाळ्यात हिम कमी, त्या वर्षी दुलई लवकर फाटते, उघडा बर्फ जूनपासूनच वितळायला लागतो. मे कोरडा, जुलै तुडुंब. आणि कोरड्या वर्षी आभाळही मोकळं असतं, ऊन जास्त, म्हणून हिमनदी आणखी देते.

तिचं बोलणं संपल्यावर दादा बराच वेळ गप्प राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पेव गं, पेव."

बाहत्तरच्या दुष्काळात तो बारा वर्षांचा होता, मी नऊ. घरामागे जमिनीत ज्वारीचं पेव होतं. चांगल्या सालात भरायचं, वाईट सालात उघडायचं. उघडलं की आधी दिवा सोडायचा, विझला तर आत माणूस उतरवायचा नाही, वारा लागू द्यायचा. त्या वर्षी आजीनं ते उघडलं आणि गावात चूल पेटत नव्हती त्या दिवसांत आमच्या घरी भाकरी होती. लोक म्हणायचे, यांचं बरंय. आजी काही बोलायची नाही. तिला एकटीलाच माहीत होतं की दोर किती खाली जातोय.

मुलीनं हे नीट ऐकलं. मी तिला 'पेव' म्हणजे काय ते समजावलं, तिच्या आजीकडे भाताची कणगी असायची, तिला लगेच कळलं. ती म्हणाली, हिमनदीचं हेच काम आहे, पण तिच्याबद्दल बोलताना लोक फक्त विचारतात, पाणी किती देते? खरं तर नदीत तिचा वाटा वर्षभराच्या हिशेबात मोठा नसेलही, हिमाचा त्याहून जास्त असतो. पण ती नेमकं तेव्हा देते जेव्हा बाकी कोणी देत नाही. हिवाळा लहरी, पाऊस लहरी. एक साल ओलं, एक कोरडं. मधे हिमनदी असेल तर नदीला ही चढउतार कमी जाणवते. खोऱ्यात थोडासा जरी हिमनद्यांचा भाग असला तरी नदीचा पाणीपुरवठा एका वर्षापासून दुसऱ्या वर्षाला कमी हेलकावतो, हे जगभरच्या थंड मुलखांत दिसलेलं आहे.

आणि पेव रिकामं होत आलं की? आधी काही वर्षं नदी भरलेलीच दिसते, उलट जास्तच भरलेली, कारण मुद्दलच वितळून येत असतं. मग एक शिखर गाठलं जातं, आणि त्यानंतर उष्ण वर्षसुद्धा पाणी देत नाही, कारण द्यायला बर्फच उरलेला नसतो. हिंदुकुश-हिमालयाचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या इसिमोड या संस्थेनं 2023 मध्ये म्हटलंय की इथल्या नद्यांचं हे शिखर शतकाच्या मध्याच्या सुमारास येईल. आणि 2011 ते 2020 या दशकात हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के जास्त वेगानं घटल्या. लहान हिमनदीचा नाला मोठ्या नदीची वाट बघत नाही, तो आधी आटतो. त्यानंतर त्या नाल्याचं पाणी हिवाळ्यात जे पडलं त्यावर. पडलं तर पडलं.

"म्हणजे माणगंगा," दादा म्हणाला.

त्याच्या आवाजात जे होतं ते मला इथं लिहिता येत नाही. आम्ही माणदेशी माणसं आहोत. ज्या नदीला पेव नसतं तिच्या काठावर जगणं काय असतं, हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही.

मुलीनं 2023 चीही एक गोष्ट सांगितली. ज्या वादळानं खाली मनालीला ब्यास फुगवली, त्याच वादळानं त्याच दिवसांत वर चंद्रताल सरोवरापाशी जुलैत हिम पाडलं. शेकडो प्रवासी तिथं अडकले, चार-पाच दिवसांनी त्यांना सोडवलं. दोन्ही ठिकाणी आभाळ एकच. खाली जे पाऊस म्हणून पडलं ते रात्रीत लोकांच्या घरात शिरलं. वर जे हिम म्हणून पडलं ते पडल्या जागी राहिलं आणि सावकाश उतरलं. शून्य अंशाची रेषा डोंगरावर कुठं आहे यावर हे ठरतं. हवा तापली की ती रेषा वर सरकते, आणि तेवढा डोंगर पेवाच्या बाजूनं पुराच्या बाजूला जातो. मला दादानं पहिल्या दिवशी हातानं दाखवलेली रेष आठवली.

सहावा दिवस : चंद्रताल, कुंझुम, लोसर

चंद्रताल सुंदर आहे आणि त्याच्याबद्दल खूप लिहिलं गेलंय. 2005 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गाडी लांब ठेवून चालत गेलो, काठाशी अर्धा तास बसलो. पाणी निळं, म्हणजे दगडाचं पीठ नाही.

कुंझुमच्या खिंडीत देवळाला गाडीनं प्रदक्षिणा घातली, तशी सगळेच घालतात. साडेचार हजार मीटरच्या वर. मागे चंद्रेचं खोरं, हिमनद्यांनी भरलेलं. पुढे स्पिती, उघडी, पिवळी, सुरकुतलेली. पलीकडे उतरताना ओहोळांचा रंग बदलत गेला. राखाडी कमी, नितळ जास्त. म्हणजे वर हिमनद्या थोड्या, बरीच गावं नुसत्या हिमावर आणि झऱ्यांवर. जानेवारी कोरडा गेला की पेरणीलाच पाणी नाही, आणि जुलैत भरपाई करणारं वर कोणी नाही. लाहौलच्या चाचाजींच्या नाल्याला अजून पेव आहे. इथल्या कित्येक वाड्यांना ते आधीपासूनच नाही. लोसरला पोचलो तेव्हा वाऱ्यानं ओठ फाटले होते. लवकर झोपलो.

सातवा दिवस : लोसरच्या पुढचं एक गाव

काझाच्या वाटेवर एका लहान गावात थांबलो, ड्रायव्हरची मावशी तिथं राहते. घर मातीचं, छपरावर गवत आणि शेण्या. मावशींना हिंदी थोडं येत होतं. मटाराच्या शेंगा भरत आल्या होत्या. इथून ट्रकनं खाली जातात आणि वर्षाचा पैसा त्यावरच.

मी पाण्याबद्दल विचारलं तर त्यांनी आम्हाला गावाच्या वर नेलं. तिथं दगडमातीचा बांध घातलेलं एक गोल टाकं आहे. दूरच्या नाल्यातून कूहल येते ती त्यात. दुपारचं वितळलेलं पाणी इथं पोचेपर्यंत अंधार पडतो, आणि अंधारात कोण शेत भिजवणार? म्हणून रात्रभर टाकं भरू देतात. सकाळी मोरी उघडायची, दिवसभर पाळीपाळीनं वापरायचं, संध्याकाळी ते रिकामं. रात्री पुन्हा भरतं. पाण्याचा पहिला हक्क जुन्या बडाघरांचा, ज्यांच्या नावानं जमीन चालत आली. बाकीच्यांनी त्यांच्याकडून पाळी घ्यायची. भांडणं होतात का? मावशी म्हणाल्या, पाणी असलं की नाही होत.

यंदा मे महिन्यात टाकं रात्रभरात भरायचं नाही. कुठवर यायचं? त्यांनी काठापाशी वाकून एक दगड दाखवला, गुडघ्याच्या उंचीचा.

आम्ही मुक्काम वाढवला. संध्याकाळी सातला दादा टाक्यापाशी गेला. तळाला ओल आणि मधोमध एक थारोळं, त्यात दोन पक्षी पाणी पीत होते. कूहलीच्या तोंडाशी कान लावून बसला. साडेआठच्या सुमारास बारीक आवाज आला, मग पाण्याची एक जिभळी आली, पुढे काडीकचरा ढकलत, आणि टाक्यात उतरली. त्यानं दगडांच्या फटीत काठी रोवली, बातलचीच, बरोबर आणलेली, आणि कोळशानं रेघ मारली.

पहाटे साडेपाचला मी उठले तेव्हा तो तिथं आधीच होता, कानटोपी घालून. टाकं काठापासून चार बोटांवर आलेलं. पाण्यावर पातळ पापुद्रा धरला होता, बोट लावताच फुटला. मावशी फावडं खांद्यावर टाकून आल्या, मागे शेजारची एक बाई. त्यांनी आमच्याकडे पाहून हात जोडले, "जुले," म्हणाल्या, आणि मोरीच्या तोंडाचा मातीचा गोळा फावड्यानं बाजूला केला. पाणी सुटलं. दादानं घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली.